चावडीवरचा निवाडा

इंग्रजी विकिपीडियात सर्वसाधारण प्रश्नांची चर्चा ज्या पानावर होते, त्याला गावातल्या पाण्याच्या पंपाचे नाव आहे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला, आणि तशाच चर्चेसाठी येथे पान करण्याची वेळ आली तेव्हा आपल्या मंडळींनी त्या नावाचे भाषांतर न करता ‘चावडी’ हा गावगाड्यातला शब्द पसंत केला. या पसंतीत भाषेची जाण तर आहेच, पण व्यवहाराचीही आहे. कारण पाणवठ्यावर माणसे भेटतात आणि बोलतात, चावडीवर मात्र बोलणे होते त्याचप्रमाणे निवाडाही होतो. शेतसारा तेथे भरायचा, सरकारी हुकूम तेथे वाचून दाखवायचा, फिर्याद तेथे गुदरायची, आणि कोणाचे चुकले हे चारचौघांदेखत तेथेच ठरायचे, असा तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता.

आज ज्यांना आपण ऑनलाइन समुदाय म्हणतो, मग तो लाखो सदस्यांचा फेसबुकवरचा गट असो, ज्ञानकोश लिहिणाऱ्या स्वयंसेवकांचा मेळा असो की एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप असो, त्या सर्वांत चावडीचे हे दुसरे अंग आल्यावाचून राहत नाही. कोणाचा तरी मजकूर कोणीतरी काढून टाकतो, कोणाला तरी कोणीतरी बाहेर घालवतो, आणि ज्याच्यावर हा प्रसंग येतो तो माणूस, बहुधा रात्री एकटाच मोबाइलच्या पडद्याकडे पाहत, हे कोणी केले आणि का केले एवढेच विचारीत राहतो. त्याच्या या प्रश्नाला उत्तर देण्याची सोय त्या समुदायाने करून ठेवली आहे की नाही, यावरून तेथील न्यायाची परीक्षा करावी, असे माझे मत आहे, आणि प्रत्यक्ष घडलेल्या काही प्रकरणांच्या आधारे ते मी येथे मांडू इच्छितो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की नियंत्रणाची, ज्याला या व्यवहारात ‘मॉडरेशन’ म्हणतात त्याची, गरज खरी आहे. जाहिरातींचा कचरा, टोपणनावाआडून केलेली शिवीगाळ, कोणाचा पत्ता किंवा दूरध्वनी चव्हाट्यावर मांडून केलेला छळ, यांना दार मोकळे ठेवले तर सभ्य माणसे हळूहळू उठून जातात, आणि मागे उरतो तो ज्याचा आवाज मोठा त्याचा अंमल. नियम नसलेली जागा सर्वांना सारखीच मोकळी असते हा समज भाबडा आहे. बळकटाला ती मोकळी असते आणि दुबळ्याला बंद.

हा धडा इंटरनेटला त्याच्या बाल्यावस्थेतच मिळाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची जी संशोधनसंस्था होती, तेथील पॅव्हेल कर्टिस या संगणकतज्ज्ञाने १९९० साली ‘लॅम्डामू’ नावाचे एक कल्पित घर उभारले होते. चित्रे नाहीत, आवाज नाहीत, केवळ शब्दांनी रचलेल्या त्या प्रशस्त वाड्यात ठिकठिकाणची माणसे आपापली पात्रे धारण करून वावरत, दिवाणखान्यात जमत, एकमेकांशी मैत्री करीत. या वाड्याच्या यंत्राच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या त्यांना तेथे जादूगार म्हणत. आणि १९९२ च्या अखेरीस या जादूगारांनी जाहीर करून टाकले होते की, यापुढे आम्ही केवळ यंत्राची देखभाल करू, तुमच्या आपसातल्या तंट्यांत पडणार नाही. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, १९९३ च्या मार्चमध्ये, ‘मिस्टर बंगल’ या पात्राच्या आडून एका सदस्याने अशी युक्ती चालवली की इतरांची पात्रे स्वतःच ती कृत्ये करीत आहेत असे सर्वांना वाचायला मिळावे, आणि भर दिवाणखान्यात त्याने त्यांच्या नावावर अत्यंत बीभत्स अशी लैंगिक हिंसेची वर्णने लादली. कृत्ये शब्दांची होती. परंतु ज्यांच्या नावावर ती घडवली गेली त्यांना झालेला मनस्ताप शब्दांपुरता नव्हता.

रहिवाशांची सभा भरली. कोणी म्हणाले, हे पात्र नाहीसे करा. कोणी विचारले, कोणत्या नियमाने, कारण असा नियम कोठे लिहिलेलाच नाही. सभा निर्णयावाचून उठली, आणि मग एका जादूगाराने एकट्याच्या जबाबदारीवर ते पात्र पुसून टाकले. ही शिक्षा अनुचित होती असे फारसे कोणी म्हणणार नाही, परंतु ती कोणत्या अधिकाराने झाली हे कोणालाच सांगता येईना. आणि थोड्याच दिवसांत तोच मनुष्य दुसरे नाव घेऊन वाड्यात परत हजर झाला. प्रवासाहून परतलेल्या कर्टिसने हा सारा वृत्तांत वाचला, आणि रहिवाशांनी अर्ज करावेत, त्यांवर मते घ्यावीत व जे ठरेल ते जादूगारांनी अमलात आणावे, अशी व्यवस्था लावून दिली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात ही हकीकत लिहिली, आणि तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासकांना ती मुळाक्षरांच्या ठिकाणी झाली आहे. सत्ताधाऱ्याने अंग काढून घेतल्याने न्याय आपोआप होत नाही हे तिच्यावरून कळते. आणि योग्य शिक्षासुद्धा, ती कोणाच्या संमतीने दिली हे सांगता आले नाही तर, अर्धवट न्याय ठरते हेही कळते.

हा पेच आपल्याकडच्या जुन्या माणसांना अपरिचित नव्हता. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार अशी मंडळी जमत. अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे आजच्या भाषेत वादी आणि प्रतिवादी, यांच्या तकरिरा लिहून घेतल्या जात. होईल तो निवाडा मान्य करू असा लेख दोघांकडून घेतला जाई, आणि त्या लेखालाच राजीनामा म्हणत, कारण राजी असल्याचा तो कागद होता. मग साक्षी-पुरावा होऊन निर्णयाचा जो महजर तयार होई, त्यावर हजर मजालशीची नावे लिहिली जात, आणि ज्याला अक्षर येत नसे त्याच्या धंद्याची निशाणी, कुणब्याचा नांगर आणि तशीच इतरांची हत्यारे, नावापुढे उमटे. आपल्या ठिकाणचे लोक पक्षपाती आहेत असे एखाद्या पक्षकारास वाटले, तर परस्थळी निवाडा मागण्याची वाटही त्याला होती. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील डॉ. वि. त्रिं. गुणे यांचा १९५३ चा ग्रंथ ज्यांनी चाळला असेल त्यांना या पद्धतीचा तपशील ठाऊक असेल.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ती जातींच्या उतरंडीवर उभी होती, आणि त्या उतरंडीत ज्याची पायरी खालची त्याच्या शब्दाला वजनही तितकेच कमी होते. तिच्याच शेजारी जातपंचायतींचा जो दुसरा रिवाज नांदला, त्यात तर कारण न देता, बाजू न ऐकता, अपील न ठेवता माणसाला वाळीत टाकले जाई. आणि हा रिवाज इतका चिवट निघाला की महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत करावा लागला, जो राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये लागू झाला आणि ज्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ऑनलाइन गटातून काढले जाणे आणि गावाने वाळीत टाकणे यांत अंतर फार मोठे आहे, हे मी जाणतो. एकात मनुष्य एका खोलीबाहेर जातो, दुसऱ्यात त्याचे पाणी, लग्नकार्य आणि प्रेतयात्रा अडते. तथापि या दोन्ही जुन्या रिवाजांतील भेद आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. महजर आणि वाळीत टाकणे, दोन्ही समाजानेच केलेली कृत्ये होत. पण महजरावर कोण हजर होते आणि काय ठरले हे लिहिलेले असे, म्हणून पन्नास वर्षांनी वतनाचा प्रश्न पुन्हा निघाला तरी तो कागद दप्तरातून काढून दाखवता येई. वाळीत टाकलेल्याच्या हाती दाखवायला काहीच नसे.

आता विकिपीडियाकडे वळू, कारण कारणे लिहून ठेवण्याची शिस्त आजच्या काळात इतक्या विस्ताराने क्वचितच कोणी पाळली असेल. तेथील प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो; कोणत्या सदस्याने कोणत्या दिवशी कोणता शब्द घातला किंवा गाळला, हे कोणाही वाचकाला पाहता येते, आणि दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून फरक ताडता येतो. पाने वगळण्याचा, सुरक्षित करण्याचा आणि सदस्यांना संपादनापासून रोखण्याचा अधिकार ज्यांना समुदायाने दिला आहे, त्यांना मराठीत प्रचालक म्हणतात. आणि प्रचालकाच्या अशा प्रत्येक कृतीची, त्याचे नाव, वेळ आणि त्याने दिलेले कारण यांसह, आपोआप नोंद होते. रोखलेल्या सदस्यालाही साधारणतः स्वतःच्या चर्चापानावर लिहिण्याची मुभा ठेवलेली असते, म्हणजे तेथे तो आपली कैफियत मांडू शकतो. आणि इंग्रजी विकिपीडियाचा दंडक असा की ती कैफियत मूळ प्रचालकाने नव्हे, दुसऱ्याने तपासावी, आणि ज्या वादात प्रचालक स्वतः पक्षकार आहे त्यात त्याने आपले अधिकार वापरूच नयेत.

याहून सूक्ष्म व्यवस्था आहे ती ‘चेकयुजर’ या अधिकाराची. एकच मनुष्य अनेक नावांनी वावरून मतांची संख्या फुगवतो आहे अशी शंका आली, तर सदस्य कोणत्या अंकपत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरील कोणत्या ठिकाणाहून, लिहितो हे पाहावे लागते. ही माहिती खाजगी असल्यामुळे ती सर्वांपुढे मांडता येत नाही, पण ती पाहणाऱ्याला मोकाट सोडणेही धोक्याचे. म्हणून नियम असा केला आहे की कोणत्याही भाषेच्या विकिपीडियात हा अधिकार किमान दोघांकडे असावा किंवा कोणाकडेच नसावा, म्हणजे एकाने काय तपासले हे दुसरा पाहू शकेल. एकजण निवृत्त झाला आणि एकटाच उरला, तर समुदायाने तत्काळ दुसरा नेमावयाचा. निवडीसाठी २५ ते ३० सदस्यांचा पाठिंबा लागतो. ज्या भाषांत एवढी वर्दळ नाही त्यांची अशी कामे ‘स्ट्युअर्ड’ नावाचे, सर्व प्रकल्पांसाठी निवडलेले कार्यकर्ते पाहतात, आणि हे कार्यकर्ते स्वतःच्या घरच्या विकिपीडियावर आपले अधिकार वापरण्याचे टाळतात. परस्थळी निवाडा मागणाऱ्या आपल्या जुन्या पक्षकाराला ही सोय ओळखीची वाटली असती.

एवढे सारे असूनही नोंदी स्वतःहून न्याय करीत नाहीत, याचा कटू अनुभव क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियाने घेतला. लहान भाषेच्या त्या ज्ञानकोशावर, २०१० च्या आगेमागे, उग्र राष्ट्रवादी विचारांच्या मूठभर प्रचालकांनी आपली पकड बसवली. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या आश्रयाने राज्य करणाऱ्या उस्ताशा राजवटीचे अत्याचार सौम्य करून सांगायचे, यासेनोवात्सच्या छळछावणीला साध्या छावणीचे रूप द्यायचे, आणि आक्षेप घेणाऱ्या सदस्यांना एकामागून एक रोखायचे, असा तेथे क्रम चालला. २०१३ साली वृत्तपत्रांत गवगवा झाला, आणि क्रोएशियाचे तेव्हाचे शिक्षणमंत्री झेल्को योव्हानोविच यांनी विद्यार्थ्यांना आपल्याच भाषेच्या विकिपीडियावर विसंबू नका असा जाहीर इशारा दिला. तरीही पकड सुटायला आणखी अनेक वर्षे गेली. २०२० मध्ये त्या गटातील प्रमुख प्रचालकावर सर्व प्रकल्पांत बंदी आली, आणि २०२१ मध्ये विकिपीडियाचा डोलारा सांभाळणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने या संपूर्ण प्रकरणाचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध केला.

या प्रकरणात लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की तेथे नोंदी लपवलेल्या नव्हत्या. प्रत्येक बंदी, प्रत्येक वगळलेले वाक्य दप्तरी दाखल होते, आणि म्हणूनच पुढे बाहेरच्या अभ्यासकाला वर्षानुवर्षांचा घटनाक्रम पुन्हा जुळवता आला. उणीव होती ती त्या नोंदी वेळीच वाचणाऱ्या, त्या गटाशी कसलाही लागाबांधा नसलेल्या माणसाची. मोठ्या भाषेत असा मनुष्य गर्दीतूनच मिळतो. लहान समुदायात सगळेच एकमेकांचे स्नेही किंवा प्रतिस्पर्धी असतात. मराठीतही ज्ञानकोशावर सातत्याने राबणाऱ्यांची संख्या बोलणाऱ्यांच्या मानाने फार थोडी आहे, म्हणून आपण ही हकीकत दूरच्या देशातली म्हणून वाचू नये.

याच्या उलट प्रसंग इंग्रजी विकिपीडियात २०१९ साली घडला. १० जून रोजी फाउंडेशनने तेथील एका जुन्या, कडक स्वभावाच्या प्रचालकास १ वर्षासाठी बाहेर काढले. आजवर असे निर्णय समुदाय आणि त्याने निवडलेली लवाद समिती घेत आली होती. येथे मात्र हुकूम वरून आला, त्यावर अपील नव्हते, आणि कारण विचारता उत्तर मिळाले की तक्रार करणाऱ्यांची ओळख सुरक्षित राहावी म्हणून तपशील सांगता येत नाही. मग जे झाले त्याला बंडाळीच म्हटले पाहिजे. एका प्रचालकाने ती बंदी उठवली. फाउंडेशनने ती पुन्हा घातली आणि त्याचे अधिकार काढून घेतले. सुमारे २० प्रचालकांनी आपली पदे सोडली. अखेर विश्वस्त मंडळाने माघार घेऊन हे प्रकरण लवाद समितीकडे पुनर्विचारार्थ जाऊ दिले. समितीला काही भाग गाळलेली कागदपत्रे दाखवण्यात आली, आणि सप्टेंबरात तिने निवाडा दिला: बंदी रद्द, पण प्रचालकपद परत नाही, ते हवे असल्यास त्या सदस्याने पुन्हा समुदायासमोर उभे राहावे.

मला हे प्रकरण फार मोलाचे वाटते, कारण त्यात दोन्ही पक्षांजवळ सत्य होते. ज्याचा छळ झाला आहे त्याला आपली फिर्याद चव्हाट्यावर वाचली जाईल अशी भीती घातली, तर तो फिर्याद करणारच नाही, आणि छळणारा निर्धास्त राहील. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे भय काल्पनिक नाही. उलटपक्षी ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोपच कळला नाही तर त्याने उत्तर कशाचे द्यावे? पारदर्शकता म्हणजे सारे कागद सर्वांपुढे मांडणे, असा अर्थ घेतला तर या दोघांपैकी एकावर अन्याय अटळ आहे. परंतु चेकयुजरच्या नियमात आणि लवाद समितीच्या त्या निवाड्यात एक वेगळा अर्थ दडलेला आहे: काही कागद झाकून ठेवावे लागतील, पण कोणताही कागद एकाच्याच हाती राहता कामा नये. झाकलेले जे असेल ते, निर्णय घेणाऱ्याचा मिंधा नसलेल्या दुसऱ्या कोणीतरी पाहिले पाहिजे, आणि त्याने आपण ते पाहिले असे स्वतःच्या नावानिशी सांगितले पाहिजे. ही अट पाळली तर फिर्यादीचे नाव गुप्त राहूनही निर्णय उघड्यावर उभा राहू शकतो.

जेथे सदस्य हे केवळ गिऱ्हाईक आहेत आणि चावडी एका कंपनीच्या मालकीची आहे, तेथे हीच अट लागू करण्याचा खटाटोप गेली काही वर्षे चालू आहे. २०१६ साली व्हिएतनाम युद्धातील १९७२ चे ते जगप्रसिद्ध छायाचित्र, ज्यात नापाम बॉम्बने पोळलेली नऊ वर्षांची मुलगी विवस्त्र धावत आहे, फेसबुकने नग्नतेच्या नियमाखाली काढून टाकले. नॉर्वेतील एका लेखकाने ते प्रसिद्ध केले होते. ‘आफ्टनपोस्टन’ या तेथील मोठ्या वृत्तपत्राच्या संपादकांनी कंपनीच्या प्रमुखांस अनावृत पत्र लिहिले. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी तेच चित्र आपल्या पानावर घातले, तर तेही काढले गेले. देशाच्या पंतप्रधानांना बोलावे लागले तेव्हा निर्णय फिरला. ज्याच्या पाठीशी पंतप्रधान नाही, अशा सामान्य माणसाच्या बाबतीत काय झाले असते, हा प्रश्न त्या वेळी अनेकांच्या मनात आला, आणि दीड वर्षाने, २०१८ च्या एप्रिलमध्ये, फेसबुकने आपली आतली नियमावली प्रथमच सविस्तर प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मे महिन्यात काही संस्थांनी व अभ्यासकांनी ‘सांता क्लारा तत्त्वे’ जाहीर केली. त्यांचा गाभा तीन साध्या मागण्यांचा आहे: किती मजकूर काढला आणि किती खाती बंद केली यांचे आकडे द्या, ज्याचा मजकूर काढला त्याला कोणत्या नियमाखाली काढला ते कळवा, आणि त्याच्या अपिलाची सुनावणी, मूळ निर्णयात भाग न घेतलेल्या माणसाकडून करा. तिसरी मागणी तर वर सांगितलेल्या प्रचालकांच्या दंडकाचीच सख्खी बहीण आहे.

आपल्या देशातील कायद्याचा प्रवासही याच दिशेने, अडखळत का होईना, चालला आहे, आणि त्याचा एक उगम महाराष्ट्रात आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, आणि त्या घटनेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे संदिग्ध कलम घटनाबाह्य ठरवले. मजकूर बंद करण्याचा सरकारचा कलम ‘६९ अ’ खालील अधिकार मात्र न्यायालयाने कायम ठेवला, आणि तो कायम ठेवताना जे कारण दिले त्यात बंदीच्या हुकमाची कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे उच्च न्यायालयात त्या हुकमास आव्हान देता येईल, या गोष्टीवर भर होता. पुढे २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर मासिक अहवाल प्रसिद्ध करण्याची, आणि स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्यास कारणे कळवून म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देण्याची जबाबदारी टाकली. तक्रारींसाठी अधिकारी नेमणे आले, आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांच्या निर्णयांवरील अपिलांसाठी केंद्र सरकारने ३ समित्या स्थापन केल्या. या समित्या सरकारनेच नेमलेल्या असल्यामुळे, सरकारवरील टीकेचा मजकूर निघाला तर दाद कोणाकडे मागावी, ही शंका घेणाऱ्यांची शंका रास्त आहे. आणि मजकूर रोखण्याविषयीच्या २००९ च्या नियमांत गुप्ततेचे जे कलम आहे ते तर लेखी कारणांच्या तत्त्वाशी आजही झगडते आहे. कारण लिहिले, पण ते ज्याचे त्याला दाखवले नाही, तर दप्तराची शोभा वाढते, पक्षकाराच्या पदरात मात्र काहीच पडत नाही.

कंपन्या आणि सरकारे आपल्या आटोक्याबाहेरची असतात. पण आपणांपैकी हजारो लोक आज कोणत्या ना कोणत्या ग्रुपचे ॲडमिन आहेत. ग्रुपमधील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला, त्याचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याशिवाय, गुन्हेगार धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिला. कायद्याने अशी मोकळीक दिली, म्हणून तर विवेकाची जबाबदारी वाढते.

मीही एका वाचनमंडळाच्या ग्रुपचा काही वर्षे ॲडमिन आहे. एका रात्री एका ज्येष्ठ सदस्याच्या लागोपाठच्या कडवट संदेशांना कंटाळून मी त्यांना काढून टाकले. नियम मोडला होता, यात शंका नव्हती. परंतु तो नियम आम्ही कधी लिहिला नव्हता, त्यांना आधी बजावले नव्हते, आणि दुसऱ्या ॲडमिनला विचारलेही नव्हते. सकाळी त्यांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते. “काय चुकलं ते तरी सांगा,” एवढेच ते म्हणाले, आणि मला सलग दोन वाक्ये बोलता येईनात, कारण जे कारण मी आता देऊ लागलो ते रात्री माझ्या मनात नव्हतेच. रात्री केवळ वैताग होता. तेव्हा मला उमजले की कारण लिहिण्याचा उपयोग ज्याला काढले त्याच्याइतकाच काढणाऱ्यालाही असतो. लिहायला बसले म्हणजे वैताग आणि कारण वेगळे होतात.

आम्ही त्यांना परत बोलावले. त्या दिवसापासून ग्रुपच्या माहितीत पाच ओळींचे नियम आहेत, आणि ज्या साध्या वहीत आम्ही पुस्तकांची देवघेव टिपतो तिच्याच मागच्या पानांवर कोणाला कधी, कशासाठी समज दिली किंवा काढले, याची एकेक ओळ असते. कोणाही सदस्याला ती वही मागता येते. प्रत्येक ओळीखाली दोन सह्या लागतात, एक निर्णय घेणाऱ्याची आणि दुसरी त्या वादाशी संबंध नसलेल्या ॲडमिनची. दुसरी सही मिळेपर्यंत कोणाला बाहेर काढायचे नाही, असे ठरले आहे. या व्यवस्थेला वेळ लागतो, हे खरे. पण त्यानंतरच्या अडीच वर्षांत त्या पानांवर फक्त चार ओळी भरल्या आहेत, आणि त्यांतली शेवटची, दुसऱ्या सहीच्या जागी, त्याच ज्येष्ठ गृहस्थांच्या अक्षरातली आहे, कारण आता तेही आमच्यातले एक ॲडमिन आहेत.